एक इंजेक्शन, चार बंद्या आणि गिधाडं

क्रिकेट खेळून गुडघा सुजला की होस्टेलवर कुणाच्या तरी बॅगेत डायक्लोफिनॅकची गोळी सापडतेच. स्वस्त आणि गुणकारी औषध! पण याच औषधाने भारतातली गिधाडं जवळजवळ संपवली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मित्रांनो, प्रदूषण म्हटलं की आपल्याला धुराडी आठवतात, फार तर बीओडी-सीओडीचं प्रॅक्टिकल. पण औषधं, प्रसाधनं, कीटकनाशकं यांचे सूक्ष्म अंशही माती, पाणी आणि प्राण्यांच्या शरीरात उतरतात. नेहमीच्या चाचण्यांत ते दिसत नाहीत. अनेकांसाठी तर कायद्यात मर्यादाच ठरलेली नाही. यांना उदयोन्मुख प्रदूषके म्हणतात.

वडसा (देसाईगंज) स्टेशनवर उतरून गडचिरोलीकडे निघा, गावोगावी गुरं दिसतील. मेलेलं जनावर गावाबाहेर ढोरफोडीवर टाकायचं आणि गिधाडांनी ते साफ करायचं, ही जुनी व्यवस्था. १९९० च्या दशकात दुखऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचणं सुरू झालं. इंजेक्शननंतर लगेच जनावर मेलं तर औषध त्याच्या मांसात उरतं. ते खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी होते, अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर बसतो आणि पक्षी मरतो. गिधाडं थव्याने जेवतात, त्यामुळे शंभरात एखादं मढं असं निघालं तरी पुरे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली.

याची झळ माणसालाही बसली. मढी सडत राहिली, भटकी कुत्री वाढली. २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

मग कायद्याने काय केलं? पाकिस्तानातल्या संशोधनातून २००४ साली कारण सापडलं. २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. पण माणसांसाठीची ३० मिलीची बाटली दुकानात होतीच. तीच गुरांना टोचली जाऊ लागली. माणसाचा डोस फक्त ३ मिली! म्हणून २०१५ साली इंजेक्शनचं पॅकिंग एका डोसपुरतं करण्याची सक्ती झाली. तोवर दुसरी औषधं गोठ्यात पोचली होती. त्यातलं अ‍ॅसिक्लोफिनॅक तर गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं. ते आणि केटोप्रोफेन यांवर २०२३ साली, तर निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ मध्ये बंदी आली.

म्हणजे एकामागून एक रेणू पकडण्यात दोन दशकं गेली. दोष 'आधी विका, मग तपासा' या पद्धतीत आहे. गुरांचं नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधीच ते गिधाडांना सुरक्षित आहे का, हे तपासणं सक्तीचं हवं. आणि नुसती बंदी पुरत नाही, हाताशी पर्यायही लागतो. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, हे २००६ सालीच दिसून आलं होतं.

गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी 'रेस्टॉरंट' उभारली, म्हणजे मेलेली जनावरं त्यांच्यासाठी ठरावीक जागी ठेवायची. पण ताटात काय वाढलं जाणार, हे शेवटी गोठ्यातच ठरतं. तेव्हा सुट्टीत घरी गेलात आणि बैल लंगडत असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "साहेब, मेलॉक्सिकॅम चालेल का?"