परदेशातील सर्दी आणि एक जर्मन नाम

जर्मनीत राहणाऱ्या मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आई-वडिलांची सामानाची यादी ठरलेली असते: मेतकूट, भाजणी, नातवंडांचे कपडे आणि तीन महिन्यांची औषधे. औषधांची चिठ्ठी घेण्यासाठी ही मंडळी माझ्या दवाखान्यात येतात. अलीकडे त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी एक शब्द लिहून देते. तो शब्द आहे ‘एर्केल्टुंग’, म्हणजे सर्दी.

असे करण्यामागे एक प्रसंग आहे. माझ्या रुग्ण असलेल्या एक निवृत्त शिक्षिका, वय ७१, मधुमेही, नोव्हेंबरात मुलाकडे गेल्या. मुलगा-सून कामावर आणि घरी बाई व लहान नातू. तिसऱ्या आठवड्यात त्यांना सर्दी-खोकला होऊन ताप आला. मुलाचा फोन लागेना, म्हणून त्यांनी शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे दार ठोठावले. मुलाच्या घरी कानावर पडलेला ‘ग्रिपं’ हा शब्द त्यांनी उच्चारला आणि बोटांनी आकडा दाखवला: १०१. गृहस्थ घाबरले. त्यांच्या देशात ताप सेल्सिअसमध्ये मोजतात आणि १०० अंशांना पाणी उकळते! पुढे सारे निभावले, कारण आजार खरोखरच साध्या सर्दीचा निघाला. परंतु तासभर त्या घरात कोणालाच कळत नव्हते की बाईंना नेमके किती बरे नाही. परत आल्यावर बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, आयुष्यभर व्याकरण शिकवले आणि स्वतःचा आजार सांगता आला नाही.”

माझी मुलगी तिकडे शिकायला गेली तेव्हा पन्नाशीनंतर मीही संध्याकाळच्या वर्गात थोडे जर्मन शिकले होते. त्या तुटपुंज्या भांडवलावर आम्ही दोघींनी दवाखाना बंद झाल्यावर अर्धा अर्धा तास बसायचे ठरवले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

मराठी माणसासाठी जर्मन नाम वाटते तितके परके नाही. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसते, म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेली नातवंडे जर्मनपुढे अडखळतात. आपण मात्र जन्मापासून सर्दी झाली, खोकला झाला, पडसे झाले असे तीन लिंगांत आजारी पडत आलो आहोत. जर्मन भाषेतही तीनच लिंगे आहेत आणि ती नामाआधीच्या उपपदावरून ओळखतात: पुल्लिंगाला ‘डेअर’, स्त्रीलिंगाला ‘डी’, नपुंसकलिंगाला ‘दास’. एर्केल्टुंग स्त्रीलिंगी, आपल्या सर्दीसारखीच. खोकला म्हणजे ‘हूस्टन’, तो पुल्लिंगी, आपल्या खोकल्यासारखाच. येथवर बाईंचा चेहरा खुलला होता. पण ताप म्हणजे ‘फीबर’ नपुंसकलिंगी निघाला आणि वाहते नाक म्हणजे ‘श्नुप्फन’ पुल्लिंगी. तेव्हा सगळ्याच आजारांची लिंगे जुळतील या भरवशावर राहू नये.

एक आधार मात्र पक्का आहे. क्रियापदापासून बनलेली आणि ‘उंग’ने संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात. ‘इम्फुंग’ म्हणजे लस आणि ‘एन्ट्स्युंडुंग’ म्हणजे दाह, ही दोन्ही त्याच घराण्यातील. ‘लुंगं’ म्हणजे फुप्फुस. त्याला दाह जोडला की ‘लुंगनएन्ट्स्युंडुंग’ होतो, म्हणजेच न्यूमोनिया. शब्द लांबलचक आहे, पण त्याची रीत ओळखीची आहे. आपले डोके नपुंसकलिंगी असले तरी डोकेदुखी स्त्रीलिंगीच होते. समासात शेवटच्या पदाचे चालते, तसेच तेथेही.

पुढची अडचण विभक्तीची. ‘मिट् डेअर एर्केल्टुंग’, म्हणजे सर्दीसह, असे मी वाचून दाखवले तेव्हा बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “आत्ता ‘डी’ होती, ‘डेअर’ कशी झाली? पुरुष झाली की काय?” नाही, लिंग बदललेले नाही, विभक्ती बदलली. आपण ‘खोकला’ला ‘ने’ लावताना ‘खोकल्याने’ म्हणतो, म्हणजे शब्दाचेच रूप बदलतो. जर्मन माणूस बहुधा नाम तसेच ठेवतो आणि त्याच्या पुढचे उपपद बदलतो. हे न जमले तरी बिघडत नाही, उपपद चुकले म्हणून कोणी औषध नाकारत नाही.

वाक्य मात्र पूर्ण यावे. ‘इश् हाबं आइनं एर्केल्टुंग’, म्हणजे मला सर्दी झाली आहे. (शेवटचा उच्चार आपल्या बोलीतल्या ‘डोकं’सारखा.) शब्दशः पाहिले तर जर्मन माणूस सर्दी ‘बाळगतो’ आणि आपल्याला ती ‘होते’. पण थंडी वाजते तेव्हा त्याचीही चतुर्थीच: ‘मीअर इस्ट् काल्ट’, म्हणजे मला थंड आहे. येथे ‘इश् बिन् काल्ट’ म्हणजे ‘मी थंड आहे’ असे म्हटलेत, तर ऐकणारा आपल्याला निष्ठुर स्वभावाचे समजेल. चक्कर येण्याचेही तसेच: ‘मीअर इस्ट् श्विंडलिश’. ही रचना मराठी जिभेला आपसूक येते.

आता ‘ग्रिपं’विषयी, कारण येथे प्रश्न व्याकरणाचा नसून प्रकृतीचा आहे. ग्रिपं म्हणजे इन्फ्लुएन्झा, खरा फ्लू. बोलताना तिकडचे लोकही साध्या सर्दीला कधी कधी ग्रिपं म्हणून मोकळे होतात, जसे आपण प्रत्येक तापाला ‘व्हायरल’ म्हणतो. आपण तसे म्हणू नये. साधी सर्दी हळूहळू चढते, नाक वाहते, घसा खवखवतो आणि आठवड्याभरात उतरते. फ्लू बहुधा अचानक येतो. काही तासांतच जोराचा ताप, अंगदुखी आणि अंथरुणाला खिळवणारा थकवा. वयस्क, मधुमेही, हृदयरोगी किंवा दम्याच्या रुग्णाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. जर्मनीत साठीनंतर दरवर्षी फ्लूची लस घेण्याची शिफारस आहे. हिवाळ्यात निघणार असाल, तर निघण्यापूर्वी पुरेसे दिवस हातात ठेवून आपल्या डॉक्टरांशी लसीबद्दल बोला.

सोबत जाणाऱ्या किंवा तेथे सांभाळणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट जाणावी. वृद्धांमध्ये न्यूमोनिया असूनही कधी कधी ताप फारसा चढत नाही. असंबद्ध बोलणे, एकाएकी आलेली सुस्ती, जेवणावरून उडालेले मन, भरभर चालणारा श्वास हीच कधी कधी पहिली खूण असते. तेव्हा ‘सर्दीच आहे’ म्हणून थांबू नये. श्वास पुरत नसेल, ओठ निळसर पडले किंवा छातीत दुखू लागले, तर ११२ हा क्रमांक फिरवावा आणि ‘इश् बेकोमं काइनं लुफ्ट’, म्हणजे मला श्वास घेता येत नाही, एवढे सांगावे. जिवावर बेतलेले नसेल, पण दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल, तर ११६११७ हा क्रमांक आहे.

तापाचे आकडे कागदावर लिहूनच न्या. आपले ९८.६ म्हणजे तेथले ३७. १००.४ म्हणजे ३८ आणि १०२.२ म्हणजे ३९. बाईंचा १०१ हा साधारण ३८.३ होता. शक्य तर सेल्सिअसचा थर्मामीटर आजच घ्या आणि घरीच त्याची सवय करा.

औषधांची नावे ब्रँडची नकोत, मूळ औषधाची हवीत. येथले ब्रँड तेथे कोणी ओळखेलच असे नाही, पॅरासिटामॉल मात्र तेथेही त्याच नावाने मिळते. तेही किराणा दुकानात नाही, ‘अपोटेक’मध्ये. लाल रंगाचे मोठे ‘ए’ अक्षर ही तिची खूण. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळणार नाही आणि सर्दीला त्याचा उपयोगही नाही, कारण सर्दी विषाणूंची असते. जर्मन शब्दात ‘काल्ट’ म्हणजे थंड दडलेले आहे आणि आपली ‘सर्दी’ही फारसीतील ‘सर्द’वरून आलेली. दोन्ही भाषांनी दोष थंडीवर ढकलला, तो पुरता खरा नाही.

बाई गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेल्या. डिसेंबरात त्यांचा फोन आला. सर्दी झाली होती, ताप ३७.४, श्वास ठीक. अपोटेकमध्ये स्वतः जाऊन वाक्य म्हणून आल्या होत्या. औषध देणाऱ्या मुलीने निघताना ‘गूटं बेस्सरुंग’ म्हटले होते, म्हणजे लवकर बऱ्या व्हा. बाईंना मला एवढेच विचारायचे होते, “डॉक्टर, शेवटी उंग आले, म्हणजे हेही स्त्रीलिंगीच ना?”