बढतीची वर्षे कोठून मोजायची?

प्राध्यापकाची बढती गुणवत्तेवर होते, असे सर्रास म्हटले जाते. हे खोटे नाही. पण अपुरे आहे. ही गुणवत्ता ज्या कागदांवर मोजली जाते, ते कागद आपण नीट वाचले पाहिजेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली घालून दिलेला आणि महाराष्ट्र शासनाने 8 मार्च 2019 च्या निर्णयाने स्वीकारलेला क्रम असा : सहायक प्राध्यापकाला पहिल्या टप्प्यासाठी पीएच.डी. असल्यास 4 वर्षे, एम.फिल. असल्यास 5, एरवी 6. दुसऱ्या टप्प्याला 5. त्यानंतर 3 वर्षांनी सहयोगी प्राध्यापक आणि आणखी 3 वर्षांनी प्राध्यापक. या शेवटच्या दोन पायऱ्या पीएच.डी.वाचून चढता येत नाहीत. शिवाय उजळणी वर्ग, शोधनिबंध आणि समिती आहेच. म्हणजे सरळ वाटेनेही 15 वर्षे.

ही वर्षे मोजली जातात नियमित नेमणुकीपासून. आधीची तात्पुरती सेवा धरायची तर निवड रीतसर समितीने केलेली हवी, वेतनही नियमित सहायक प्राध्यापकाइतके हवे. घड्याळी तासिकेचे मानधन तेवढे नसतेच. एरंडोल, पारोळा, धरणगाव अशा गावी तासिकेवर राबणाऱ्याची वर्षे येथेच गळतात. मीही अशी वर्षे काढली. तेव्हा शिकवलेली मुले पदवीधर झाली. माझ्या सेवापुस्तिकेत मात्र ती वर्षे नाहीत.

नियमित नेमणुकीचे दार आपल्यासाठी उघडते ते बिंदुनामावलीने. तिथेही मोजणीचाच प्रश्न. 2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने संस्था नव्हे, विभाग हा आरक्षणाचा एकक धरला. 15 टक्क्यांच्या हिशेबाने अनुसूचित जातीची पाळी सातव्या जागेवर येते. दोन-तीन जागांच्या विभागात सातवी जागा कोणत्या पिढीत यायची? देशभर आंदोलन झाले आणि 2019 साली संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांत संपूर्ण संस्था हाच एकक ठरवला.

ज्याच्या घरात पूर्वी कोणी पदवीधर नव्हता, तो या दारापर्यंत उशिरा पोहोचतो. दार उशिरा उघडले की प्राध्यापकपद निवृत्तीच्या जवळ जाते. पुढे विद्यापीठाच्या मंडळांवर, निवड समित्यांवर ज्येष्ठ म्हणून बसायला आपला माणूस उरत नाही. नियम सर्वांना सारखा असतो. त्याची सुरुवात सर्वांना सारखी नसते. म्हणून रिक्त जागा वेळेवर भरा आणि तासिकेची वर्षे सेवेत धरा, या मागण्या केवळ पगाराच्या नाहीत. उद्या निवडणारा कोण असेल, हे त्यांवर ठरणार आहे.