दोन बोटांची फट

एकेकाळी अचलपूर-परतवाड्यात घरोघरी इलेक्ट्रॉन गन होती. १९८७-८८ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ बघायला ज्या टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमायची, त्याच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या बारीक मानेत ती बसवलेली असे. मागचे झाकण काढून अंधारात पाहिले की मानेत नारिंगी ठिपका दिसायचा. निकेलची इवलीशी टोपी, तिच्या माथ्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप, आत तिला तापवणारी ६.३ व्होल्टची तार. लेपातून सुटलेले इलेक्ट्रॉन पुढच्या हजारो व्होल्टच्या ओढीने पडद्यावर जाऊन आदळत आणि समोरच्यांना राम-लक्ष्मण दिसत. मेकॅनिक ‘ट्यूब वीक झाली’ म्हणायचा, तेव्हा हा लेपच थकलेला असे. नवी ट्यूब परवडत नसेल तर तो फिलामेंटला थोडे जास्त व्होल्टेज देणारा बूस्टर जोडून द्यायचा. आणखी काही महिने निभत. ट्यूबची मान फुटून हवा आत शिरली, तर काचेच्या आतला चंदेरी डाग बघता बघता पांढरा पडे. तो बेरियमचा गेटर, ट्यूबमधला उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी मारलेला.

ते सेट भंगारात गेले. मात्र तापल्या धातूतून इलेक्ट्रॉन काढून त्यांची एक रेघ करायची ही युक्ती कुठे गेली नाही. आज वऱ्हाडातल्या माणसाची तिच्याशी गाठ पडते ती रुग्णालयात. खर्ऱ्याने तोंडाची वाट लावलेला चाळिशीतला गडी परतवाड्याहून गाडीत बसतो. डॉक्टरांनी ‘लाईट’ म्हणजे किरणोपचार घ्यायला सांगितलेले असते. अमरावती, अकोला, नागपूर किंवा सेवाग्राम. चेहऱ्यावर जाळीदार प्लॅस्टिकचा मुखवटा घट्ट बसवून त्याला टेबलावर निजवतात, सगळे खोलीबाहेर जातात, यंत्र घूं घूं करते आणि थोड्याच वेळात थांबते. त्या यंत्राचे नाव लिनिअर ॲक्सिलरेटर, दवाखान्याच्या भाषेत लिनॅक. डोक्यावरून फिरणाऱ्या त्या अजस्र हाताच्या आत एका टोकाला रुपयाच्या नाण्याहूनही लहान तोंडाचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, तापत असतो.

सेवाग्रामचे नाव मुद्दाम घेतले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात भारतात घडवलेला लिनॅक बसवला गेला. तो बनवला ‘समीर’ या संस्थेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी एक विभाग निघाला होता. त्यातून १९८४ साली पवईच्या आयआयटीच्या आवारात समीर उभी राहिली. तिचा पहिला वैद्यकीय लिनॅक ४ मेगाव्होल्टचा. चंदीगडच्या दोन संस्थांच्या जोडीने तो केला आणि तिथल्याच पीजीआय रुग्णालयात बसवला. पुढे सरकारच्या ‘जय विज्ञान’ मोहिमेत ६ मेगाव्होल्टची यंत्रे तयार झाली, त्यांतले एक गांधीजींच्या आश्रमाच्या शेजारी आले. चरख्याच्या गावी कणत्वरक, अशी कोटी त्यावर सहज करता येईल. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की परदेशी कंपनीकडून पेटीबंद यंत्र घेणाऱ्याला जी डोकेदुखी कधी करावी लागत नाही, ती इथे कुणीतरी करून पाहिली. त्या डोकेदुखीचा मोठा वाटा यंत्राच्या पहिल्या दोन बोटांच्या फटीत आहे, कॅथोड आणि त्याच्या समोरचा ॲनोड यांच्या मधल्या.

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पण पृष्ठभाग त्यांना सोडत नाही. बाहेर पडायला ठरावीक ऊर्जा मोजावी लागते. टंगस्टनमध्ये ती साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लँथनम हेक्साबोराइड या जांभळट स्फटिकात पावणेतीनच्या आसपास, आणि बेरियम मुरवलेल्या सच्छिद्र टंगस्टनमध्ये जेमतेम दोन. उष्णतेने काही इलेक्ट्रॉनांना तेवढी उसळी मिळते. ओवेन रिचर्डसनने १९०१ साली याचे गणित मांडले, त्याबद्दल त्याला १९२८ सालचे नोबेल मिळाले. हे गणित मोठे हट्टी आहे. टंगस्टनचे तापमान २४०० केल्व्हिनवरून २५०० वर नेले, म्हणजे चार टक्क्यांनी वाढवले, की बाहेर पडणारा प्रवाह अडीच पट होतो. उलटही तेच: तार किंचित थंडावली की प्रवाह कोसळतो. साधे टंगस्टन दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते, हेक्साबोराइडला दीड हजार पुरतात, बेरियमवाल्याला हजाराच्या आसपास. जितके कमी तापवावे तितका कॅथोड टिकतो. पण जितका तो मवाळ, तितका नाजूक. जराशी अशुद्ध हवा लागली की त्याच्या पृष्ठभागाला विषबाधा होते. अभियंते खरोखर हाच शब्द वापरतात.

नुसता तापलेला कॅथोड भरवशाचा नाही, हे यावरून दिसते. क्षणोक्षणी अडीचपट वर-खाली होणारा किरण रुग्णाच्या जबड्यावर कोण सोडेल? इथे कामाला येतो तो इलेक्ट्रॉनांचा आपसातला वैरभाव. सगळे ऋणभारित, एकमेकांना ढकलणारे. कॅथोड गरजेपेक्षा जास्त तापवला की इलेक्ट्रॉनांचा एक ढग त्याच्या तोंडाशीच साचतो आणि मागून येणाऱ्यांना परत आत रेटतो. मग किती बाहेर पडायचे ते तापमान ठरवत नाही, समोरचे व्होल्टेज आणि फटीची लांबी ठरवते. चाइल्डने १९११ साली आणि लँगम्यूरने १९१३ साली हा हिशेब लावला: व्होल्टेज चौपट केले की प्रवाह आठपट. लिनॅकची गन अशा ढगाच्या राजवटीत चालवतात. कॅथोड थोडा म्हातारा झाला तरी ढग पुरवठा सांभाळून घेतो, आणि पिक्चर ट्यूब वर्षानुवर्षे नीट चालून मग भराभर का उतरायची तेही यात कळते: ढग पुरेनासा झाला की मगच थकवा बाहेर दिसतो.

पण हाच वैरभाव पुढे नडतो. कॅथोडवरून सरळ निघालेली इलेक्ट्रॉनांची धार कडेने फुगू लागते. मधल्या इलेक्ट्रॉनाला चहूबाजूंनी सारखाच रेटा असतो, म्हणून तो सरळ चालतो. कडेच्याला बाहेरून आवरणारे कुणीच नसते. कापसाने शीग भरलेली बंडी जशी मधून ढळत नाही, कडेने सांडते, म्हणून बाजूला बांबू रोवून गोणपाट ताणतात, तसेच काहीसे. जॉन पिअर्स या बेल प्रयोगशाळेतल्या अभियंत्याने १९४० साली बांबू कुठे रोवायचा ते सांगितले. कॅथोडच्या कडेला एक धातूचे कडे लावायचे, धारेच्या कडेशी साडेसदुसष्ट अंशांचा कोन करून. त्या कोनात कडे ठेवले की त्याचे विद्युतक्षेत्र नसलेल्या शेजाऱ्यांची उणीव तंतोतंत भरून काढते. कडेच्या इलेक्ट्रॉनाला वाटते आपणही मध्येच आहोत. इतकी नेटकी कल्पना अभियांत्रिकीत क्वचित सापडते. (हा पिअर्स टोपणनावाने विज्ञानकथा लिहायचा, आणि ट्रान्झिस्टरचे बारसेही त्यानेच केले.) व्यवहारात कॅथोडचे तोंड बशीसारखे खोलगट घासतात, म्हणजे धार पुढे निमुळती होत ॲनोडच्या छिद्रातून आरपार जाते. छिद्र चुकले, कडे केसभर तिरके बसले, तर धार ॲनोडलाच भाजते.

धार फुगायची ती गनपाशीच का फुगते, पुढे का नाही? कारण वेग. गनला पंचवीस हजार व्होल्ट दिले तर फटीतून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या तीस टक्के असतो. सोबत धावणारे इलेक्ट्रॉन म्हणजे समांतर प्रवाह, आणि समांतर प्रवाह चुंबकीय बलाने एकमेकांना ओढतात. तीस टक्के वेगाला ही ओढ नावापुरती असते, ढकलण्याचे नव्वद टक्के बळ शिल्लकच राहते. पुढच्या तांब्याच्या नळीत मायक्रोवेव्हच्या लाटेवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला पोचला की वेग ९९.७ टक्के होतो, ओढ आणि ढकल जवळजवळ फिटतात, उरतो तो साधारण एकशेसाठावा हिस्सा. म्हणजे नुकसान व्हायचे ते इलेक्ट्रॉन संथ असताना, पहिल्या काही सेंटिमीटरांत होऊन जाते.

आणि ते भरून येत नाही. तापल्या पृष्ठभागावरून निघताना इलेक्ट्रॉन थोडे आडवेतिडवे उडतात. हजार अंशांना ही आडवी ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दहावा भाग, पण ती शेवटपर्यंत सोबत येते. चुंबकाने धार बारीक केली तर तिची फाक वाढते, फाक कमी केली तर जाडी वाढते. जाडी आणि फाक यांचा गुणाकार म्हणजे एमिटन्स. वेगाचा हिशेब वळता केला, तर पुढचे कोणतेही भिंग तो मूळच्यापेक्षा कमी करू शकत नाही, बिघडवू मात्र शकते. रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ असा: टंगस्टनच्या लक्ष्यावर धार जिथे आदळून क्ष-किरण निघतात तो ठिपका एक-दोन मिलिमीटरचा राहिला तर क्ष-किरणांची कड धारदार पडते, फैलावला तर कड धूसर होते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या मागे थोड्याच अंतरावर मज्जारज्जू असतो. धूसर कड तिथे परवडत नाही.

यंत्र सलग चालत नाही, ठोके देते. एक ठोका सुमारे चार मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला शंभर ते काहीशे. ठोक्यात शंभर मिलिॲम्पिअर प्रवाह धरला तर अडीच लाख कोटी इलेक्ट्रॉन होतात. ते सगळे कामी येत नाहीत. नळीतली लाट सेकंदाला तीनशे कोटी वेळा पुढे-मागे होते. योग्य क्षणी आलेला इलेक्ट्रॉन पुढे ढकलला जातो, अवेळी आलेला मागे. मागे फिरलेले येऊन कॅथोडवरच आपटतात, त्याला जास्तीचे तापवतात, आणि ते लक्षात घेऊन फिलामेंटचा प्रवाह कमी करावा लागतो.

काही लिनॅक क्ष-किरणांबरोबर इलेक्ट्रॉनांची धारही थेट देतात. क्ष-किरण काढायला प्रवाह शेकडो पटींनी जास्त लागतो, कारण लक्ष्यावर बराचसा वाया जातो. हा फरक विसरला गेला तर काय होते ते थेरॅक-२५ या यंत्राने दाखवले. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात सहा रुग्णांना त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे भयंकर मात्रा बसली, काही दगावले. पूर्ण ताकदीची धार, आणि तिच्या वाटेत जे असायला हवे ते नाही. सेवाग्रामला आलेले यंत्र फक्त क्ष-किरण देणारे, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नव्हता. साधेपणाचेही काही फायदे असतात.

अचलपूरहून उत्तरेला सातपुडा ओलांडला की इंदूरला गनची वेगळी जात भेटते. तिथल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ साली झाली, डॉ. दिलीप देवीदास भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. आता ते राजा रामण्णा केंद्र म्हणून ओळखले जाते. तिथल्या इंडस-२ या १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टने फिरतात. त्यांचा उगम मायक्रोट्रॉन नावाच्या लहान त्वरकात, तीन मिलिमीटर जाडीच्या हेक्साबोराइडच्या खुंटीवर. कड्यात इलेक्ट्रॉन तासन् तास टिकतात, म्हणून भरणी झाली की गनला विश्रांती. रुग्णालयातल्या गनला ती चैन नाही. त्याच केंद्राने इंदूरच्या फळ-भाजी मंडईत १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लिनॅक बसवला. अन्नासाठी इलेक्ट्रॉनांना हीच कमाल मर्यादा, कारण त्यापुढे मालच किरणोत्सारी होण्याची भीती सुरू होते. मर्यादा पाळली की भेदनक्षमता तोकडी पडते: पाण्यात जेमतेम पाच सेंटिमीटर. आपल्याकडच्या मोठ्या संत्र्यातून ही धार एका बाजूने आरपार जायची नाही.

सर्वांत बारीक धार हवी असेल तर कॅथोड तापवतच नाहीत. त्यावर लेसरचा झटका मारतात, तोही मायक्रोवेव्हच्या नळीच्या तोंडातच, म्हणजे संथपणाचा काळ जवळजवळ संपतो. लॉस अलामॉसला १९८५ च्या सुमारास हे सुरू झाले. स्टॅनफर्डच्या २००९ सालच्या क्ष-किरण लेसरची सगळी मदार त्यावर होती. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रातही अशी गन आहे. रुग्णालयाला तिची गरज नाही.

रुग्णालयाची गरज वेगळीच: अखंड वीज. कॅथोडला विषबाधा होऊ नये म्हणून नळीतला निर्वात रात्रंदिवस राखावा लागतो, दिवे गेले तरी आयन पंप बॅटरीवर चालू ठेवावा लागतो. वऱ्हाडातला मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो. तांबे एका अंशाने तापले तरी तीन गिगाहर्ट्झची नळी पन्नास किलोहर्ट्झने बेसूर होते, म्हणून चिलरचे पाणी ठरल्या तापमानाला लागते. कोबाल्टच्या यंत्राला यातले फारसे काही लागत नाही. त्याचा उगम स्वतःच्या मर्जीने किरण देतो, फक्त दर महिन्याला एक टक्का क्षीण होतो आणि सव्वापाच वर्षांत अर्धा उरतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘भाभाट्रॉन’ने लहान गावांची बरीच सोय केली, आणि लिनॅकच्या भराभर उभ्या राहणाऱ्या इमारती पाहताना मला अजूनही वाटते की विजेचा आणि दुरुस्तीचा भरवसा नसलेल्या ठिकाणी कोबाल्टला नाक मुरडू नये.

कॅथोड संपत आला की भौतिकतज्ज्ञाला आधी आकड्यांतून कळते: तेवढ्याच मात्रेसाठी फिलामेंटला जास्त करंट द्यावा लागतो. काही यंत्रांत गन नटबोल्ट सोडून बदलता येते. काहींत ती नळीला कायमची जोडलेली असते, मग अख्खी नळीच उतरवावी लागते. दोन्ही वेळी निर्वात मोडतो. पुन्हा पंप लावायचे, भाग तापवून त्यात मुरलेला वायू काढायचा, व्होल्टेज हळूहळू चढवायचे, आत ठिणग्या उडायच्या थांबेपर्यंत. मग पाण्याच्या टाकीत डिटेक्टर फिरवून किरणाची मोजमापे नव्याने घ्यायची आणि मात्रेचे आकडे पुन्हा पक्के करायचे. तोवर अर्ध्यावर आलेल्या रुग्णांना दुसरीकडे पाठवतात, कारण लाईटमध्ये खंड पडलेला गाठीच्या पथ्यावर पडतो. परतवाड्याहून आलेल्यासाठी दुसरीकडे म्हणजे बहुधा नागपूर.