शहराच्या पगारातून गावच्या बांधावर

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची एक कपात दिसते. फेब्रुवारीत ती तीनशेची होते. वर्षाची बेरीज २५०० रुपये, आणि व्यवसायकराला राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने घातलेली वार्षिक मर्यादाही तेवढीच. हे पैसे कशाचे म्हणून विचारलं, तर हिशेबखात्यातला माणूस 'पीटी' म्हणून मोकळा होतो. पण १९७५ साली हा कर बसवताना सरकारने त्याचं कारण उघड सांगितलं होतं. शहरातल्या नोकरदाराने, व्यापाऱ्याने, वकील-डॉक्टरने थोडे पैसे द्यायचे आणि खेड्यात काम मागणाऱ्याच्या हाताला त्यातून काम मिळायचं. रोजगार हमी योजना उभी राहिली ती या पैशावर.

योजनेचे जनक वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांच्याच तासगाव भागात पहिला प्रयोग झाला. त्या काळी गरिबीवर बोलणारे पुष्कळ होते. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगाराची हमी द्यावी असं आकडेवारीनिशी मांडलं. पागे सभागृहातले, त्यामुळे त्यांच्या कल्पनेला पुस्तकाबाहेरची वाट सापडली.

१९७२ साली योजना जाहीर झाली आणि दुष्काळाने तिला लगेच बाजूला सारलं. मे १९७३मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, सुकडीची वाटणी, रेशनवरची लाल मिलो. मराठवाड्यातल्या आणि नगर-सोलापूरकडच्या म्हाताऱ्यांना हे आजही आठवतं. या अनुभवाने एक गोष्ट पक्की झाली. सरकारने दुष्काळ जाहीर केला की कामं निघतात आणि पाऊस पडला की ती बंद होतात. म्हणजे काम कधी सुरू करायचं हे ठरवणार मंत्रालय. पाग्यांच्या योजनेत ते ठरवणार मजूर: त्याने मागितलं की काम सुरू झालंच पाहिजे. 'मागेल त्याला काम' एवढ्यात ती सारी आली. विधिमंडळाने १९७७ साली कायदा एकमताने केला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला.

पैशाची बांधणी हा मला या योजनेतला सगळ्यात हुशार भाग वाटतो. व्यवसायकर, मोटारवाहनांवरचा जादा कर, बागायती जमिनीवरची खास आकारणी, विक्रीकरावरचा अधिभार, असं जे जमेल त्याच्याइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची आणि सगळं रोजगार हमी निधीत टाकायचं. एरवी अर्थसंकल्पात कात्री लागते ती आधी गरिबांच्या रकमेला. इथे रक्कम कराशी बांधलेली होती. शहरांनी हे का मानलं? थोडा दुष्काळाचा धसका होता, थोडी मुंबईकडे येणाऱ्या लोंढ्यांची धास्ती. आणि बागायतदार आमदारांनी का मानलं? पाझर तलाव झाला की खालच्या विहिरीला पाणी येतं, आणि विहीर बहुधा बागायतदाराची असते. हा हिशेब कुणी भाषणात मांडला नसेल, पण योजना टिकण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

बांधणी कागदावर चोख होती, गाडी अडायची ती खात्याखात्यांच्या सांध्यात. मजुराची मागणी येणार तहसीलदाराकडे, कामं मात्र पाटबंधारे, कृषी, वन आणि बांधकाम खात्यांची. या सगळ्यांना एका दावणीला बांधायचं काम जिल्हाधिकाऱ्याचं. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात मंजूर कामांचा साठा आधीच तयार ठेवायचा, त्याला सरकारी बोलीत 'शेल्फ' म्हणतात. मागणी आली की शेल्फवरचं काम काढायचं आणि पंधरा दिवसांत सुरू करायचं. नाही जमलं तर बेकारभत्ता. पण इंजिनिअरला ठेकेदाराचं पक्कं, एकरकमी काम बरं वाटतं. माती-मुरुमाचं, ज्यात पैशाचा मोठा हिस्सा मजुरीतच गेला पाहिजे असं काम त्याला डोकेदुखी. मग शेल्फ रिकामं राहायचं. अनेक तालुक्यांत ते भरलं मजूर संघटनांच्या मोर्चांनी. तहसील कचेरीसमोर बायका बसल्या की आराखडे सापडायचे.

कामावर हजेरी सहायक हजेरीपट भरायचा, इंजिनिअर टेप लावून खोदाई मोजायचा, त्यावर मजुरी निघायची. मोजमाप लांबलं की पगार लांबला. ही रड आजतागायत चालू आहे. पण या मोजमापाचा एक गुण होता. खड्ड्यातली माती बाईने उपसली की बाप्याने, टेपला कळत नाही. शेतावर बाईला कमी रोज मिळायचा, इथे दर एकच. गावापासून जवळ काम, प्यायचं पाणी, पोरांसाठी पाळणाघर हे नियमात होतं. प्रत्यक्षात पाळणाघर म्हणजे पुष्कळदा बाभळीला बांधलेली झोळी. तरीही बाया मोठ्या संख्येने या कामांवर आल्या.

१९८८ साली किमान वेतन दुप्पट, म्हणजे सहाचे बारा रुपये झालं आणि योजनेची मजुरीही त्याबरोबर वाढली. न्याय्यच होतं ते. पण त्यानंतर कामाचे दिवस घटले. हमी कागदावर राहिली आणि कामं काढताना सरकारने हात आखडता घेतला. १९९०नंतर योजनेतून फळबागा आल्या. कोकणात आंबा-काजू, कोरडवाहू भागात बोर-डाळिंब. झाडं चांगली लागली, शेतकऱ्याचं भलं झालं, यात वाद नाही. मात्र ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, त्याच्यासाठीच्या पैशाने सातबारावाल्याची बाग उभी राहिली, हे अवघड सत्य त्या कौतुकात झाकलं गेलं.

२००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. मागणी, पंधरा दिवस, भत्ता हा सांगाडा महाराष्ट्राचाच. पहिल्या टप्प्यातल्या दोनशे जिल्ह्यांत इथले बारा होते. वर्षाच्या शंभर दिवसांचा मजुरीचा भार दिल्लीने उचलला आणि राज्याचा कायदा २००६ साली त्याला जुळवून घेण्यात आला. योजना मोठी झाली. पण शहरातला कर आणि गावातलं काम यांच्यातला धागा सैल झाला तो तेव्हापासून. आज कपात होते, पण ती कशासाठी हे कपात करणाऱ्यालाही सांगता येत नाही. ज्या कराचं कारण करदात्याला ठाऊक नाही, त्या पैशाचा हिशेब तो मागणार कसा?

हमी अजूनही कागदावरच्या तारखेवर चालते. तोंडी मागितलेल्या कामाची नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. ग्रामपंचायतीत 'सध्या काम नाही, नंतर या' असं सांगून माणसाला परत पाठवणं म्हणूनच सोपं जातं. तुमच्या गावी कुणी काम मागायला निघालं असेल, तर मागणीअर्ज लेखी द्यायला लावा आणि सही-तारखेची पोच हातात पडेपर्यंत त्याच्याबरोबर तिथेच थांबा.