दोरीची दोन टोके

चाकण पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. आता त्याच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे आहेत आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्या माणसांनी सकाळचे रस्ते भरून जातात. अशाच एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वर्गात असताना तो शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागील पानावर यंत्रांची चित्रे काढी. आता तो एका कारखान्यात इंजिनांच्या जुळणीवर देखरेख करतो. त्याने खिशातून फोन काढून मला एक चित्रफीत दाखविली. विस्तीर्ण जलाशय, त्यावर वेगाने धावणारी नौका, तिच्यामागे लांब दोरी आणि दोरीच्या टोकाशी पाण्यावर उभा असलेला एक तरुण! त्याच्या पायांखाली दोन अरुंद फळ्या होत्या आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे पांढरे पंखे उमटत होते.

“सर, आम्ही चौघे मित्र मिळून अशी नौका घ्यावी म्हणतो. भामा-आसखेडचे धरण काही दूर नाही. तुम्हांला काय वाटते?”

मी एकदम हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. हा खेळ आहे तरी काय, हे आधी आम्ही दोघांनी मिळून समजून घेतले. तेच येथे सांगतो.

या खेळाला वॉटर स्कीइंग म्हणतात. मराठीत त्याला अजून सर्वांच्या तोंडी बसेल असे नाव मिळालेले नाही. बर्फावरून घसरण्यासाठी पायांना ज्या लांब फळ्या बांधतात त्यांना स्की म्हणतात. त्याच धर्तीच्या फळ्या येथे पाण्यावर वापरतात. बर्फ घन असतो, म्हणून तो माणसाचा भार सोसतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु पाणी? ज्याच्यात दगड बुडतो त्याच्यावर माणूस उभा राहतो कसा?

विहिरीत सूर मारताना ज्याचे पोट एकदा तरी सपकन पाण्यावर आपटले आहे, त्याला याचे उत्तर अर्धे ठाऊक आहे. पाणी मऊ खरे, पण बाजूला सरावयास त्याला वेळ लागतो. हळूच पाय टाकला तर ते वाट देते. वेगाने आपटले तर फरशीसारखे कठीण होते. खेळाडूच्या फळीचे टोक किंचित वर उचललेले असते. अशी तिरपी फळी वेगाने पुढे ओढली गेली म्हणजे ती पाण्याला खाली व पुढे रेटते आणि पाणी तिला उलट वर रेटते. या वरच्या रेट्यावर माणूस उभा असतो. वेग दुप्पट झाला तर हा रेटा सुमारे चौपट होतो. म्हणून नौका संथ असेल तर फळ्या रुंद लागतात, वेगवान असेल तर एकच अरुंद फळी पुरते. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने तर काही निष्णात खेळाडू अनवाणी तळव्यांवरच धावतात. उलट, नौका थांबली की हा आधार नाहीसा होतो आणि खेळाडू संथपणे पाण्यात उतरतो.

हे सारे गणित करून हा खेळ निघाला असे मात्र नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे एक लहान गाव पेपिन सरोवराच्या काठी आहे. तेथील राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात आले की, बर्फावरून घसरता येते तर पाण्यावरून का नाही? त्याने आधी पिंपाच्या लाकडी पट्ट्या पायांना बांधून पाहिल्या. त्या बुडाल्या. मग बर्फावरच्या फळ्या आणल्या, त्याही बुडाल्या. शेवटी त्याने देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या, आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या विकत घेतल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकविली आणि पाय अडकविण्यासाठी चामड्याचे पट्टे ठोकले. नौका हाकावयास थोरला भाऊ होता. तरीही तो पुन्हा पुन्हा पडत राहिला, कारण सुरुवातीला तो फळ्या पाण्याशी समांतर ठेवीत असे. २ जुलै १९२२ रोजी त्याने अंग मागे कलवून फळ्यांची टोके पाण्याच्या वर धरली आणि तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

सॅम्युएलसनने आपल्या कल्पनेचे एकस्व घेतले नाही. १९२५ मध्ये फ्रेड वॉलर या दुसऱ्याच गृहस्थाने अशा फळ्यांचे एकस्व मिळविले. हा खेळ प्रथम कोणी खेळला याविषयी पुढे अनेकांनी दावे केले आणि सॅम्युएलसनला अधिकृत मान्यता मिळावयास १९६६ साल उजाडले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनापुरता दाखविला गेला; पदकांच्या यादीत त्याला अद्याप स्थान नाही.

आता उभे कसे राहावयाचे ते पाहू. खेळाडू पाण्यात उकिडवा बसल्यासारखा, गुडघे छातीशी घेऊन तरंगत असतो. हात सरळ असतात. दोरी ताणली गेली की नवशिका घाईने उठू पाहतो, कोपर वाकवून दोरी स्वतःकडे ओढतो आणि नाकातोंडात पाणी जाऊन पडतो. खरे पाहता त्याने काहीच ओढावयाचे नसते. नौकेने आपणांस वर काढावे, इतका धीर धरावयाचा असतो. मला हे फार आवडले. पडताना दोरीची मूठ तत्काळ सोडावी आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. बैलाचा कासरा मनगटाला गुंडाळून हात मोडून घेतलेली माणसे आमच्या गावात होती; त्यांना हा नियम वेगळा शिकवावा लागला नसता.

पट्टीच्या खेळाडूंची शर्यत फार नाजूक असते. २५९ मीटर लांबीच्या मार्गात सहा तरंगते गोळे मांडलेले असतात, तीन डावीकडे व तीन उजवीकडे, मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरांवर. नौका सरळ मध्यरेषेवरून जाते आणि खेळाडूने प्रत्येक गोळ्याला बाहेरून वळसा घालावयाचा. नौकेचा वेग ताशी ५८ किलोमीटरांपर्यंत चढवितात आणि त्यानंतर दोरी आखूड करीत नेतात. आरंभी ती सव्वाअठरा मीटर असते. आखूड होत होत सव्वाअकरा मीटरांवर येते, म्हणजे गोळ्याच्या अंतरापेक्षाही कमी! मग गोळ्यापलीकडे जावयाचे कसे? खेळाडू पाण्याशी जवळजवळ आडवा होतो आणि उरलेले अंतर स्वतःच्या शरीराच्या लांबीने भरून काढतो.

टाळ्या त्यालाच मिळतात. परंतु दोरीचे दुसरे टोक नौकेत असते आणि तेथे निदान दोन माणसे लागतात. एक चालक. त्याची दृष्टी पुढे हवी. मागे वळून पाहणारा चालक हा या खेळातील सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून दुसरा मनुष्य निरीक्षक. तो नौका हाकीत नाही, फळ्यांवरही नसतो. केवळ खेळाडूवरची नजर न हलविता बसून राहतो. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, मानेपाशी आडवा हात फिरविला म्हणजे इंजिन बंद करा. पडल्यावर खेळाडूने हात उंच करून आपण सुखरूप असल्याचे कळवावयाचे. ही खूण दिसली नाही तर निरीक्षकाने ते क्षणात चालकाला सांगितले पाहिजे. पाण्यात माणूस जवळ असताना नौकेचा पंखा फिरता ठेवणे म्हणजे उघडी तलवार फिरविणे होय.

माझा विद्यार्थी इंजिनांतला जाणकार, त्यामुळे नौकेच्या रचनेवर त्याने मलाच शिकविले. साध्या मोटारबोटीचे इंजिन पुष्कळदा मागील कडेला टांगलेले असते. या खेळाच्या खास नौकेत ते मधोमध, पोटात बसविलेले असते आणि दोरीचा खांबही मध्यभागी असतो. खेळाडू कडेला झुकून ओढू लागला तरी त्यामुळे नौकेचे शेपूट फारसे हलत नाही. तिचा तळ चपटासा ठेवतात, म्हणजे मागे उठणारी लाट लहान राहते. इंजिन थंड ठेवण्यासाठी ती जलाशयाचेच पाणी आत ओढून घेते. त्या वाटेत जलपर्णी किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर थोड्याच वेळात इंजिन तापते. आणि नौकेला ब्रेक नसतो. तासाला पंधरा-वीस लिटर पेट्रोल ती सहज पिते. शिवाय ती वाहून नेण्यास गाडा, ठेवण्यास छप्पर आणि वापर नसला तरी देखभाल ही लागतेच. बैल विकत घेणे सोपे, त्याची वैरण वर्षभर पुरविणे कठीण, असे आमचे वडील म्हणत.

कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा मागे पडला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी, तपासणी व विमा यांची तरतूद त्यात आहे. धरणाच्या जलाशयात नौका सोडावयाची तर जलसंपदा खात्याची अनुज्ञा वेगळी.

येथे मी त्याला थोडे थांबविले. चाकणच्या दक्षिणेस इंद्रायणी आहे. आळंदीला तिच्या पात्रावर रासायनिक फेस तरंगताना आपण वारंवार पाहिला आहे. त्या पाण्यात कोणी पडावे असे मी म्हणणार नाही. उत्तरेस भामा आहे. तिच्यावरील धरणात या खोऱ्यातील लोकांच्या जमिनी गेल्या आणि पुनर्वसनासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. १ जानेवारी २०२१ पासून तेथले पाणी नळाने पुण्याच्या पूर्व भागात पिण्यासाठी जाते. त्यात तेल गळू देता येईल काय? काठच्या मासेमाराच्या जाळ्यावरून नौका नेता येईल काय? खडकवासल्याच्या जलाशयाचे पाणीही पुणे पिते आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र तेथेच नौकानयन शिकतात. तेव्हा पाणी आणि खेळ यांचे वैर आहे असे मुळीच नाही. पण तेथे शिस्त आहे, शिक्षक आहेत.

शिस्त नसली म्हणजे काय होते, हे मी एका सहलीत पाहिले आहे. ते ठिकाण सांगत नाही. नौकेवर लाइफ जॅकेटे असल्याची पाटी होती. मागितल्यावर कळले की ती कपाटात असून किल्ली घेऊन मालक गावाला गेला आहे. मी एकाही मुलाला नौकेत बसू दिले नाही. परतीच्या वाटेवर कोणी माझ्याशी बोलले नाही.

विद्यार्थी सर्व ऐकून उठला. मी त्याला शेवटी एकच विचारले, “तुम्हां चौघांपैकी पोहता किती जणांना येते?” तो जरा ओशाळून म्हणाला, “दोघांना.”

नौका अद्याप घेतलेली नाही. चौघे रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावावर जातात. परवा तो सांगत होता की, एकाला खोल पाण्याची भीती अजून वाटते; तो म्हणतो, मी नौकेत बसून निरीक्षकच होईन, मला पोहणे कशाला? मी म्हटले, “त्याला सांग, पडलेल्या माणसाकडे प्रथम उडी घ्यावी लागली तर ती त्यालाच घ्यावी लागेल.”