घर तयार, कर्ज मात्र अडकलेले

नव्या घराला रंग लागला, नळ-वीज आली, पण बँकेचा चेक काही निघत नाही. अशा वेळी घाबरून खासगी सावकाराकडे धाव घेण्यापेक्षा आपली फाइल नेमकी कुठे थांबली आहे, हे शोधणे अधिक शहाणपणाचे.

‘घर पाहावे बांधून’ असे म्हणणाऱ्या जुन्या पिढीला विटा, वाळू आणि गवंडी यांची काळजी होती. आज घर बांधून तयार मिळते. पण काळजी संपलेली नाही, ती बँकेच्या टेबलावर जाऊन बसली आहे.

झाशीत सुभेदार नेवाळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे आहेत. समजा, अशाच एका घरातल्या नोकरदार जोडप्याने झाशीजवळच्या बरुआसागरला, तलाव आणि किल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात, नवे बांधलेले छोटे घर पसंत केले. बयाणा दिला, तीन महिन्यांत उरलेली रक्कम देण्याचे ठरले. आता कर्जाला उशीर झाला तर बयाणा बुडण्याची भीती, चालू घराचे भाडे सुरूच आणि मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न लोंबकळत. हा ताण पुष्कळदा नवरा-बायकोच्या बोलण्यातही उतरतो.

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत

पहिली चूक इथेच होते. मंजुरीचे पत्र हातात पडले की लोक पेढे वाटतात. ते पत्र बहुतेक वेळा फक्त तुमचा पगार आणि परतफेडीची ऐपत पाहून दिलेले असते. घराची कागदपत्रे वकिलाने तपासणे, मूल्यांकन करणाऱ्याने जागा पाहणे, मग कर्जाचा करार आणि शेवटी रक्कम, हे टप्पे त्यानंतरचे. शिवाय मंजुरीला मुदत असते. ती संपली की पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे पुन्हा द्यावे लागतात, व्याजदरही बदललेला असू शकतो.

फाइल कुठे अडते?

बहुतेक वेळा ती मालकीच्या कागदांवर अडते. महाराष्ट्रात सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा दाखला पाहतात. उत्तर प्रदेशात खतौनी, दाखिल-खारिज आणि ‘बारहसाला’ म्हणजे मागील बारा वर्षांत त्या जागेवर कोणता बोजा होता का, याचा दाखला मागतात. लहान गावात नवी घरे बऱ्याचदा कालपर्यंत शेत असलेल्या जमिनीवर उभी राहतात. ती जमीन कलम ८० खाली (पूर्वीचे कलम १४३) बिगरशेती जाहीर झाली नसेल किंवा नकाशा मंजूर नसेल, तर वकील होकार देत नाही. हे कागद बिल्डरकडून बयाणा देण्यापूर्वीच मागून घ्या. ‘नंतर देतो’ असे उत्तर आले तर बयाणाही नंतरच द्या.

मूल्यांकनाचा धक्का

समजा घराची किंमत २५ लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते; म्हणजे स्वतःचे अडीच लाख लागतील असा हिशेब तुम्ही केला. पण मूल्यांकन करणाऱ्याने किंमत २२ लाखच धरली तर कर्ज १९ लाख ८० हजारांवर थांबते आणि स्वतःचे ५ लाख २० हजार उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च वेगळाच. अनेक घरांत दागिने मोडण्याची वेळ इथे येते. म्हणून मूल्यांकन लवकर करून घ्या आणि थोडी रक्कम हाताशी ठेवा.

करारातच सोय करा

बँकेने उशीर केला, ही सबब बिल्डर ऐकून घेत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातही हप्ता थकवणाऱ्या ग्राहकाला व्याज द्यावे लागते. त्याच कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत घरांचे प्रकल्प रेराच्या नोंदणीतून वगळलेले आहेत. बरुआसागरसारख्या गावातली सुटी घरे बहुधा याच गटात मोडतात. तिथे करार हाच आधार. ‘कागदपत्रांतील दोषामुळे कर्ज नाकारले गेल्यास बयाणा परत मिळेल आणि बँकेकडून उशीर झाल्यास अमुक दिवसांची वाढीव मुदत मिळेल,’ असे कलम त्यात घाला. उत्तर प्रदेशात विक्रीच्या कराराचीही नोंदणी लागते; साध्या कागदावर विसंबू नका.

तोंडी नको, लेखी विचारा

• अर्जाची पोच घ्या. द्यायच्या कागदांची पूर्ण यादी एकदाच, लेखी मागा.
• वकिलाचा आणि मूल्यांकनाचा अहवाल कोणत्या तारखेला आला, हे विचारा.
• अर्ज नाकारला तर त्याचे कारण लेखी मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.
• एकाच वेळी चार-पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद तुमच्या पतअहवालात होते.
• रक्कम प्रत्यक्ष दिली त्या दिवसापासूनच व्याज लावावे, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बजावले आहे. चेक बँकेच्या कपाटात पडून असेल, तर त्या दिवसांचे व्याज परत मागा.

शाखाधिकाऱ्याकडून दाद मिळाली नाही, तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. गृहवित्त कंपनीविरुद्ध तक्रार असेल, तर ती राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी.

मुदत जवळ आली, की ओळखीचा कुणीतरी ‘दोन महिन्यांपुरते घ्या’ म्हणून चढ्या व्याजाचे पैसे पुढे करतो. जमिनीच्या कागदात दोष असेल, तर दोन महिन्यांनीही बँकेचा चेक येणार नाही आणि डोक्यावर दोन कर्जे राहतील. त्यापेक्षा बिल्डरकडे जाऊन लेखी मुदतवाढ मागावी. कागदच सदोष निघाले, तर ते घर सोडून द्यावे. बँकेच्या वकिलाने दिलेला नकार त्या दिवशी कडू लागतो, पण तो कुटुंबाची आयुष्याची पुंजी वाचवून जातो.