अरुंद रुळांचे राखणदार

रेल्वेमार्ग कशाने टिकतो, या प्रश्नाला रूळ आणि इंजिन एवढेच उत्तर पुरत नाही. कलकत्त्यानजीकच्या डमडमजवळून एके काळी जाणाऱ्या छोट्या आगगाडीची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

बारासात-बशीरहाट ही गाडी १९०५ साली सुरू झाली. ती चालविणाऱ्या मार्टिन कंपनीचे राजेंद्रनाथ मुखर्जी हे भागीदार होते. पुढे तिची एक शाखा डमडमच्या दक्षिणेकडील पातीपुकुरवरून श्यामबाजारच्या बाजूस पोचली. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. १८९७ साली धावू लागलेल्या आपल्या बार्शी लाइट रेल्वेइतकेच. अशा मार्गाला जमीन थोडी लागते, रूळ हलके चालतात, वळणे आखूड घेता येतात. म्हणून खर्च कमी. परंतु रुंद मार्गावर माल पाठवायचा झाला, की प्रत्येक पोते उतरवून पुन्हा भरावे लागते. रस्त्यावर मोटारी वाढल्या, तेव्हा छोट्या गाडीचा निभाव लागेना. १९५५ साली ती बंद पडली.

त्याच सुमारास वेल्समधील टॅलिलिन या सव्वादोन फुटी मार्गावरही तीच वेळ आली होती. पाटीच्या दगडाची खाण १९४६ साली बंद झाली आणि १९५० साली मालकही वारले. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाने समविचारी मंडळी जमविली आणि १९५१ च्या मे महिन्यात स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचविलेली जगातील ही पहिली रेल्वे होय.

हे काम हौसेचे खरे, पण सोपे नव्हे. वाफ धरण्यासाठी गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. राख काढणे, सांध्यांना तेल देणे, बॉयलरची तपासणी, कुजलेले स्लीपर बदलणे, ही कामे कधीच संपत नाहीत. प्रवाशाला शिट्टी ऐकू येते. त्यामागची पहाट दिसत नाही.

म्हणून डमडमकरांना बोल लावणे मात्र अन्यायाचे ठरेल. वेल्समधील पाहुणा गाडी पाहावयास येतो. बशीरहाटच्या माणसाला बाजार, कचेरी गाठावयाची होती. त्याची सोय १९६२ साली रुंद मार्गाने झाली, आणि ती आवश्यकच होती. तथापि गरज भागली म्हणजे स्मृती निरुपयोगी होत नाही. नवा मार्ग सरकार बांधू शकते. जुना जपण्यासाठी मात्र रविवारी हात काळे करून घेणारी माणसे लागतात.